बटणांची डबी

१० फेब्रुवारी

खारूताईला आत्ता घरी आणलं. हसते आहे, खायला मागते आहे. देवा, तुझे उपकार!

चार वर्षांची नात माझी. मिळेल ते गालात साठवते, म्हणून खारूताई. काल तिनं माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या साठवल्या. आणि गिळल्या.

११ फेब्रुवारी

नीट लिहून काढतो, तरच मन थाऱ्यावर येईल.

सुई टोचून टोचून माझी बोटं बोथट झाली आहेत. पाकीट फोडताना गोळी निसटते, शिलाई मशीनखाली जाते. म्हणून सगळ्या एकदाच काढून बटणांच्या रिकाम्या डबीत भरल्या. केवढी अक्कल! सून कामावर गेली की पोर शांत बसावी म्हणून बटणांच्या डब्या तिला खेळायला देतो, तेही मीच. परवा मान वर न करता हात मागे नेला आणि डबी दिली. कोणती, ते पाहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या हिच्या हाती लागल्या कशा? मी म्हणालो, "मीच दिल्या." सून शेजारीच उभी होती.

बाईंनी बजावलं — औषध पाकिटातच राहू द्या, उंचावर, कुलपात. मुलांसमोर घेऊ नका, ती नक्कल करतात.

१३ फेब्रुवारी

सुनेनं आजही पोरीला शेजारणीकडे ठेवलं. "तुम्हाला काम असतं, बाबा," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

१४ फेब्रुवारी

बटणांच्या सगळ्या डब्या फेकायला काढल्या. बायको म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी! गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांना आता काय बाभळीचे काटे लावणार?"

डब्या परत ठेवल्या. सुताराकडून दाराच्याही वर छोटं कपाट बसवून घेतलं. कुलूप लावलं. किल्ली हरवू नये म्हणून तिच्यात लाल दोरा ओवला आणि ती देवाच्या तसबिरीमागे ठेवली. त्याच्याहून चांगला राखणदार कोण?

२६ फेब्रुवारी

आज सून म्हणाली, "कपाट पाहिलं मी. आजपासून हिला इथंच ठेवते." दारापर्यंत गेली, परत आली. "लक्ष असू द्या, बाबा."

डोळे भरून आले. दिवसभरात एक सदरासुद्धा पुरा झाला नाही. नुसता पोरीकडे बघत बसलो.

आजपासून नवा नेम: गोळी घेताना तिला आजीकडे पाठवतो. किल्ली जागेवर गेली की हाक मारतो, मग दोघं देवापुढे बसतो. तिचे हात जोडलेले, माझे डोळे मिटलेले. किती दिवसांनी जिवाला थंडावा!

२ मार्च

सकाळीच गिऱ्हाईक आलं, त्या गडबडीत गोळी राहिली. तसाच देवापुढे बसलो, डोळे मिटले. जोडलेल्या हातांत काहीतरी गार सरकलं.

किल्ली.

"आजोबा, तुझी गोळी राहिली."

तसबिरीखाली स्टूल ओढलेलं होतं. मी ओवलेला लाल दोरा मागून खाली लोंबत असणार, रोज. ती बघत होती. मी डोळे मिटून होतो.

किल्ली आता माझ्या गळ्यात आहे. सून संध्याकाळी येईल. तिनं चपला काढायच्या आत सांगायचं.