परातीतला समुद्र

सेक्टर २, भिलाई
१५ जानेवारी १९६३

प्रिय आई,

तुले आन् बाबाले माझा जयभीम. मी बरी आहे. काकू मले उपाशी झोपू देत नाही, चिंता करू नको. तुझा खोकला गेला का?

आमच्या पोलाद कारखान्याच्या लॅबोरेटरीत समुद्रकाठच्या वाल्टेरहून मूर्ती सर आले आहेत. इथल्या अहिवाऱ्याच्या खाणीतला चुनखडीचा दगड जुन्या समुद्राच्या तळाशी बनला म्हणतात. तो समुद्र कसा वाहत असेल, हे पाहाले त्यांनी फिरत्या टेबलावर मोठी परात ठेवली. मी त्यात मातीच्या दोन जमिनी करून दिल्या. परातीच्या मधोमध बर्फ, काठाले गरम पाणी, त्यात निळी शाई. शाई दोन जमिनींच्या फटीतून वळत निघाली.

सर म्हणाले, "आता फट बुजव."

मी बुजवली, तर सगळं पाणी दुसऱ्याच वाटेनं फिरलं.

"असं झालं की मुलखाचं हवामान बदलत असेल," सर म्हणाले. "नक्की कोणालेच माहीत नाही, म्हणून करून पाहायचं."

तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही, आई. भाकर तव्यावर करपते आन् मी पाहातच राहातो.

काल सरांनी विचारलं, "वाल्टेरच्या लॅबोरेटरीत काम करशील?" तिथं मुलींचं वसतिगृह आहे. उमरेडचे पाहुणे रविवारी मले पाहाले येऊन राहिले, हे माहीत असूनही मी हो म्हटलं.

बाबा लय रागावतील का? तू त्यायले काही सांगू नको. शनिवारच्या गाडीनं मी घरी येतो आन् त्यायच्या समोर बसून मीच सांगतो. तू फक्त तेव्हा चुलीजवळ जाऊ नको, माझ्याजवळ बस.

तुझीच,
सत्यशीला