कामूसारखं तोंड

१८ जानेवारी १९५५

शाळेतून कामूला परत पाठवलं. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी बघू. गेल्या वर्षीही हेच म्हणाल्या होत्या! सहा वर्षांची पोर, दिसते चारची. आज गिरवलेलं अक्षर उद्या पार पुसलेलं. सासूबाईंनी तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या पिळ्ळैयाराला, तिथल्या गणपतीला, आणखी एक नवस बोलला. मग मला विचारलं, माहेरी असं कुणी होतं का. नेहमीचंच.

२० जानेवारी

डोकं दुखलं. टॉनिक घेऊन पडून राहिले.

२३ जानेवारी

सुंदरपेरुमाळ कोयिलला जाऊन आलो. तिथं आमची थोडी भातजमीन आहे. हे दर महिन्याला गाडीने जातात. नवं भात आलं म्हणून या खेपेला मी आणि कामूही गेलो.

बांधावर एक मुलगा बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, मग कामूकडे. तेच बारीक डोळे. नाकाखालची पन्हळच नाही, सगळं सपाट. वरचा ओठ दोऱ्याएवढा. डोकंही तसंच लहान. रंग सोडला तर सख्खी भावंडं!

आमच्या शेतावर लावणीला येणाऱ्या सरस्वतीचा तो मुलगा. हे दर महिन्याला तिथं जातात – वर्षानुवर्षं जातात.

गाडीत ह्यांच्याशी बोलले नाही. काय झालं म्हणून हेच विचारत राहिले. काय सांगू?

२४ जानेवारी

सासूबाई म्हणतात, कामू तुझ्या माहेरावर गेली. आता मला कळलंय ती कुणावर गेली ते.

२९ जानेवारी

ह्यांच्या पानात वाढतानासुद्धा हात आखडतो. रोज दुपारी टॉनिक घेते, म्हणून निभतंय.

३ फेब्रुवारी

तिरुवलंचुळीला नवस फेडायला जाते असं घरी सांगितलं, आणि एकटीच सरस्वतीच्या झोपडीत गेले. आडपडदा ठेवला नाही. मुलगा कुणाचा, विचारलं. ती चिडेल, ओरडेल वाटलं होतं. ती खाली बसली. मलाही बस म्हणाली.

"अम्मा, तुमच्या यजमानांशी शेताच्या कामाशिवाय मी कधी बोलले नाही. माझा नवरा चोरून दारू गाळायचा. चव मी बघायची. मग चवीपुरती राहिली नाही. हा पोटात होता तेव्हा रोज प्यायले."

थोरल्या दोन्ही मुलींना तिनं हाक मारली. धडधाकट, बोलक्या. त्यांच्या वेळी घरात भट्टी नव्हती, म्हणाली. बाकी कुणी काही म्हणो, तिच्या मनानं हेच घेतलंय. मग माझ्याकडे पाहून तिनं हळूच विचारलं –

"तुम्ही काय प्यायचात, अम्मा?"

आमच्या घरात दारू? मी उठलेच. स्टेशनापर्यंत रागातच चालले. गाडीत बसल्यावर टॉनिकाची बाटली डोळ्यांपुढे आली.

४ फेब्रुवारी

पहिलं मूल पोटातच गेलं. कामूच्या वेळी अन्न ठरेना, म्हणून डॉक्टर कृष्णमूर्तींनी शक्तीचं टॉनिक दिलं. लाल, गोड. घशात जळायचं, मग अंगभर ऊब. हेही मूल जाईल ही भीती तेवढ्यापुरती विरायची. चमच्याचं वाटीवर गेलं, वाटीचं पेल्यावर. सासूबाईच भरून द्यायच्या – प्यायलीस तर पोर गुटगुटीत होईल. कामू झाल्यावरही ते सुटलं नाही. औषध कोण मोजतं!

७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले. ते हसले. दारूबंदीच्या राज्यात मी दारू देईन का, म्हणाले. औषध टिकावं म्हणून थोडा मद्यार्क असतोच, त्यानं मुलं बिघडल्याचं कुठल्या पुस्तकात नाही. पुस्तकात नाही – मग ती दोन तोंडं एकसारखी कशी? हे विचारायला जीभ उचलली नाही.

८ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. आधी संशयाची माफी मागितली. संशयाचं त्यांनी मनावर घेतलं नाही, पण टॉनिकाचं ऐकून घेईनात. डॉक्टर खोटे आणि ती शेतावरची बाई खरी का, म्हणाले. मग कामूला उचलून खिडकीपाशी नेलं. तिच्या ओठावरून बोट फिरवत कितीतरी वेळ उभे होते. तिला वाटलं खेळ चाललाय. ती खिदळत राहिली.



९ फेब्रुवारी

आजपासून बंद. एक थेंब नाही.

१० फेब्रुवारी

सकाळी कामूची वेणी घालता येईना, बोटं इतकी कापत होती. घाम, मळमळ. तिनंच माझा हात धरून ठेवला – "आई, थंडी?" दुपारी दार लोटून घेतलं. पेलाभर. हात थांबले. वेणी घातली.

माझ्यासारखी नीच आई नसेल.

१६ फेब्रुवारी

पुन्हा सोडलं. पुन्हा घेतलं.

२२ फेब्रुवारी

हे बाटली आणत नाहीत आता. सासूबाई गुपचूप आणून देतात. सून अंथरुणाला खिळली तर घर कोण बघणार, म्हणतात. त्यांना काय सांगू? त्यांनीही मायेनंच पाजलं होतं.

२ मार्च

मळमळ थांबत नाही म्हणून अलमेलू सुईणीला बोलावलं. तिनं पोट चाचपलं आणि हसली. दिवस गेलेत. चौथा महिना लागला.

सासूबाई देवापुढे साखर ठेवायला गेल्यात. आणि मी बसून आठवते आहे, या चार महिन्यांत न पिता गेलेले सलग दोन तरी दिवस.