बाजेवरून पडली, सांगितलं नाही

९ जुलै, बुधवार. नायगाव
शाळेतून आले तर ओवी झोपलेली. उठवून पाजलं, ओकली. पुन्हा पाजलं, पुन्हा तेच. सात महिन्यांचं लेकरू, डोळे असे जड. सासूबाई म्हणाल्या, "दिष्ट लागली हाय, मीठ-मोहऱ्या उतरवते." उतरवल्या. मी बघत बसले. गाढव मी.

१० जुलै, गुरुवार
सकाळीच नांदेड. सासूबाई सोबत. डॉक्टरबाईंची बोटं ओवीच्या उजव्या कानाच्या वर, डोक्यावर थांबली. "कधी पडली?" मी ठणकावून सांगितलं, पडलीच नाही. सासूबाई पदराशी चाळा करत होत्या. मग हळूच, "काल दुपारी. बाजंवरून. लोणी लावून चोळून बसवलं की म्या टेंगूळ."

चोळून बसवलं म्हणे. डॉ. त्यांच्यावर भडकल्या. मऊ सूज आहे, कवटीला मार असू शकतो. स्कॅन केला. रक्तस्राव नाही, चीर नाही. तरी एक दिवस ठेवून घेतली.

११ जुलै
घरी आलो. ओवी हसतेय. लातूरहून ह्यांचा फोन, "आईनं मला परवाच सांगितलं होतं. तू चिडशील म्हणून..."
म्हणजे नवऱ्याला माहीत, सासूला माहीत. मी कोण, भाडेकरू? पडल्याचा राग नाही, लेकरं पडतात. लपवलं त्याचा आहे. दोन वेळा ओकली तरी तोंड उघडलं नाही बाईंनी.

फ्रिजवर कागद चिकटवला. वर्षाच्या आतलं लेकरू डोक्यावर पडलं की डॉ.ना विचारायचं. सारखी उलटी, उठवून न उठणं, झटका, नाका-कानातून पाणी: तडक दवाखाना. चोळायचं नाही, कापडात बर्फ. सगळ्यात वर माझी ओळ, लाल पेनानं: आधी सांगायचं.
"वाचून दाखव," सासूबाई म्हणाल्या. दाखवलं. माझा आवाज चढलाच.

२० जुलै, रविवार
ओवीला न्हाऊ घालून कडेवर घेतलं, फोन खांद्यानं कानाशी धरलेला. वळताना तिचं डोकं चौकटीवर आपटलं. रडली, थांबली, प्यायली. आतून सासूबाई, "का रडली गं?"
"भूक लागली असंल."
निघालंच तोंडातून. मीच बोलले हे.

त्या बाहेर आल्या, ओवीला घेतलं. बोटं टाळूवरून खाली सरकली, थांबली. माझ्याकडे बघितलं. फ्रिज उघडला, बर्फ कापडात बांधून माझ्या हातात दिला. कागद तिथेच, लाल ओळीसकट.
अर्धा तास झाला. ओवी खेळतेय. डॉ.चा नंबर काढून बसलेय. बाईंना चौकटीचं अजून सांगितलेलं नाही. लाल ओळ माझीच.