नातीचं नवं नाक

३ तारीख, मंगळवार
पहिली कोण टपकली? समोरची शेजारीण, गल्लीचा भोंगा! नात आणि नातजावई गाडीतून उतरतायत तोवर ही दारात. "अगंबाई, कुठं पडली पोर?" नातीच्या तोंडावर पट्टीचा डोंगर, डोळे वांग्यासारखे काळेनिळे. मी म्हटलं, जिन्यावरून पडली. काय सांगू — धडधाकट नाक आपणहून डॉक्टरकडून फोडून घेतलं म्हणून?

४, बुधवार
शी! नाकाखालचा बोळा रक्तानं भिजतो, सारखा बदलायचा. तोंड उघडं टाकून झोपते, लाळ उशीवर. मला चहा जाईना. लेकीमागं मीच वाढवली हिला, शेंबूड पुसताना कधी किळस नाही आली. आज आली. नातजावई बोळे बदलतो, तेही शीळ घालत! गुणी पोर. आमचे हे असते तर आधी स्वतःच आडवे झाले असते.

७, शनिवार
भोंगा केळी घेऊन आली. "जिन्याला कठडा बसवा हो." बसवते!

१०, मंगळवार
पट्टी निघाली. नाक कसलं, बटण! मधला उंचवटा तासून गुळगुळीत. त्यापायी डोळे लांब लांब गेले, हनुवटी पुढं आली. बाकी चेहरा तोच, पण मध्ये कोणी भाडेकरू येऊन बसलाय. भोंगा म्हणते, "पडावं तर असं पडावं बाई!" नातजावई हसून लोळला. मी नाही. ते नाक माझं, माझ्या लेकीचं. लेक गेली, पण नाक घरात वावरत होतं. या पोरीनं ते तासून फेकलं! "आजी, बघ ना माझ्याकडं." कपबशीकडं बघत म्हटलं — बघितलं.

१२, गुरुवार
भांडण. बोलून बसले — आईची एवढीच खूण होती, तीही ठेवली नाहीस! रडली नाही. नाक शिंकरायची बंदी आहे म्हणे, म्हणून रडायचंही नाही. हळूच म्हणाली, "आजी, आई गेली त्या वयाची झाले मी. आरशात रोज तीच दिसायची, आजारातली. आणि तू तर मला हाकसुद्धा तिच्याच नावानं मारतेस."
मी कुठं मारते!
नातजावयाकडं बघितलं. तो खाली बघत होता.

१३, शुक्रवार
गेले दोघं. गाडी हलली तशी हाक मारली — पोरीच्या स्वतःच्या नावानं. जीभ वळेना, पण मारली. काच खाली करून बघतच राहिली. रविवारी येतो म्हणाले.