न विचारता काढलेला फोटो

अहो,

तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच लिहितेय. आज एक फोटोवाली आली होती. आपल्या घड्याळाच्या दुकानात तिने पूर्वी न विचारता काढलेला फोटो पुस्तकात छापायचाय म्हणे. त्यात मी डबा घेऊन उभी, पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतल्या धड राहिलेल्या दोन चपला, आणि तुम्ही भिंग कपाळावर सारून त्या बघून खदखदून हसताय.

“तेव्हाच विचारायचं ना गं!”

“आजी, विचारलं असतं तर आजोबा असे हसले असते?”

कॅमेऱ्यापुढे तुमचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. “दुकान सगळ्यांचं, तोंड माझं,” म्हणून फोटोवाल्यांना हाकलायचात. मग मी कशी परवानगी देणार?

फोटो देवापुढे ठेवला आणि तुम्हालाच विचारलं. तुम्ही हसतच होतात. मी हो म्हटलं.

तुमची,
घरातली