क्रेडिट कुठे धरतात

मयूर विहार, दिल्ली
१८ जुलै २०१४

प्रिय वीणा,

तुझ्या आईचं चौकशी करत फिरणं संपलं. तेवढंच कळवावं म्हणून लिहायला बसलो, पण मधलंही सांगायला हवं. एप्रिलपासून तुम्ही दोघी बोलत नाही, आणि माझ्याकडून तुला 'बरी आहे' याखेरीज काही कळत नाही.

सुरुवात तुला माहीत आहे. अवीचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं आणि त्याच्या संस्थेनं फी वाढवली. नोएडाच्या नोकरीत त्याला दिवसा सुट्टी मिळेना. म्हणून तो आईला म्हणाला, माझी पास झालेली दोन वर्षं दुसऱ्या संस्थेत कुठे धरतात का, जरा विचारून ठेव. ती विचारू लागली. त्याच आठवड्यात त्याच्या स्कूटरला ट्रकनं उडवलं. तेरावा झाला, पाहुणे गेले, तूही गेलीस. सोमवारी सकाळी बघतो तर ही साडी बदलून, पर्स घेऊन दारात उभी. कुठे निघालीस, म्हटलं. म्हणाली, लक्ष्मीनगरला, तिथलं विचारायचं राहिलंय.

मी अडवलं नाही. पुढे सोबत जाऊ लागलो. रिटायर माणसाला दुसरं काय काम. मेट्रोत शेजारी बसायचो. खरं सांगतो, मला काहीच वाटत नव्हतं. रडू येत नव्हतं, तिला थांबवावंसंही वाटत नव्हतं. ऊन लागतंय, एवढं कळायचं. मी बाकावर बसायचो आणि ती काउंटरवर विचारत राहायची.

विचारायची मात्र नीट. पोळ्या लाटताना मला सगळं सांगायची, ऑफिसात साहेबांपुढे फाईल पुटअप करावी तसं. एके ठिकाणी फी कमी, पण परीक्षेचे पैसे दर पेपरला वेगळे. गाझियाबादला दोन्ही वर्षं धरतात, पण धरलेल्या प्रत्येक विषयाचे पैसे घेतात, म्हणजे स्वस्त ते शेवटी महाग. तिसरीकडे जुनं क्रेडिट, म्हणजे आधी पास केलेले विषय, पाच वर्षांतलंच चालतं. मग म्हणायची, अवीचं बसतं त्यात. मी 'हं' म्हणायचो. कधीकधी मलाही वाटायचं, गाझियाबादच बरं.

एप्रिलमध्ये तू फोनवर तिला म्हणालीस, "आई, अवी नाही आता. कुणासाठी विचारतेस?" तुझं चुकलं नाही. कुणीतरी म्हणायला हवंच होतं. तिनं फोन ठेवला आणि उरलेल्या पोळ्या केल्या. नेहमीसारख्याच केल्या, अवीच्या धरून. त्या मी दुसऱ्या दिवशी खाल्ल्या.

गेल्या महिन्यात कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या एका ऑफिसात गेलो होतो. काउंटरवर विजयालक्ष्मी नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी सगळं शांतपणे समजावलं आणि मग म्हणाल्या, "बेटे को एक बार साथ ले आइए, उसका साइन लगेगा." सगळीकडे असंच म्हणतात. त्यावर तुझी आई "हां जी" म्हणून उठायची. त्या दिवशी उठली नाही. मॅडमकडे बघत बसून राहिली. मी बाकावरून उठलो, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "मॅडम, बेटा नहीं रहा."

मोठ्यानं मी हे पहिल्यांदाच म्हटलं. आवाज साधाच निघाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. तुझ्या आईनं त्यांना विचारलं, "उसने जो पास किया, वो उसके नाम पर रहेगा ना? काटते तो नहीं?"

"नहीं जी. जो उसने पढ़ा, वो उसी का है. कहीं नहीं काटते."

त्यांनी पाणी मागवलं. ते पिऊन आम्ही परत आलो. दुसऱ्या दिवशी ती कुठेच गेली नाही. दुपारपर्यंत झोपली. मला वाटलं, संपलं.

चार-पाच दिवसांनी ती एकटीच त्याच ऑफिसात गेली आणि स्वतःचं नाव घालून आली. बी.कॉम., पहिलं वर्ष. लग्नाआधीचं तिचं अमरावतीच्या कॉलेजातलं वर्ष कदाचित धरता येईल, अर्ज तर करा, असं मॅडम म्हणाल्या होत्या. ही म्हणाली, नको, मी पहिल्यापासूनच वाचीन. अवीची पुस्तकं घरात आहेतच. कोर्स थोडा बदललाय, तरी ती त्याचीच वाचते.

आता या पत्राचं कारण. तिचं डेबिट-क्रेडिटपाशीच अडलंय. मी जन्मभर सरकारी टिपणं लिहिली, मला त्यातलं काही कळत नाही. ती एकच पान वाचते, उलटते, पुन्हा मागे येते. काल पुस्तक मिटून म्हणाली, "वीणाला येतं हे."  फोन कर असं मात्र म्हणाली नाही. तर हे पत्र मिळालं की येत्या रविवारी सकाळी तू फोन कर. अवीचा विषय काढू नकोस, माफीबिफीही मागू नकोस. कुठे अडलंय, एवढंच विचार. मी तेव्हा खाली दूध आणायला जाईन, आणि लवकर वर येणार नाही.

तुम्हा दोघींच्या मधे बसलेला,
तुझाच बाबा