तान्हीसाठी उकळलेलं पाणी

मंगळवार, दिवेलागणीला. सणसर.

लिही सुषमा, नातसून हायस म्हणून माझी चूक झाकू नको. तुझ्या तान्हीच्या पावडरच्या दुधाला विहिरीचं पाणी रोज मीच उकळून द्यायची. आज नर्सबाई म्हणल्या, "आजी, पाण्यात उसाचं खत उतरलंय. उकळून ते जात न्हाय, उलट वाढतं."

म्हंजी मी पोरीला युरियाचा काढा पाजला व्हय?

त्या पाण्यानं तान्ह्या पोरांचं ओठ निळं पडत्यात म्हणं. तवाधरनं धा बार बघितलं, गुलाबीच हायती. रक्त दिलंय तपासायला, उद्या कळंल.

खत तरी कुणाचं? शेजारच्यापेक्षा आपला ऊस उंच दिसावा म्हणून जादा पोती मीच टाकायला लावली.

परत ओठ बघितलं. गुलाबीच.

आत्ता ती रडली, तर तू दुकानातलं बाटलीचं पाणी घेतलंस, माझ्याकडं बघितलं न्हाईस. हे बी लिही.